वीज हवी, वीजतंत्री नको?

2025 च्या आरंभी, ऐन उन्हाळ्यात, सेंट्रल इलेक्ट्रिसिटी बोर्डाने जनतेला विनंती केली की संध्याकाळच्या वेळी वीज जपून वापरावी. कारण समजण्यासारखे होते. सूर्य मावळला की घरोघरी दिवे, पंखे, वातानुकूलन यंत्रे व गरम पाण्याचे शॉवर एकाच वेळी सुरू होतात. त्याच वेळी एखादे मोठे जनित्र दुरुस्तीसाठी बंद असले तर हाताशी राखीव वीज फारशी उरत नाही. आपला देश चारही बाजूंनी समुद्राने वेढलेला आहे. शेजारच्या देशाकडून तारेने वीज आणण्याची सोय आपल्याला नाही. जेवढी वीज या बेटावर तयार होईल, तेवढीच या बेटाला मिळेल.

त्या दिवसांत चर्चा झाली ती यंत्रांची: नवी जनित्रे कुठून आणावीत, कोळसा कधी बंद करावा, सौर पत्रे किती बसवावेत. ही यंत्रे बसविणार कोण, ती बिघडली तर उघडणार कोण, आणि अशी माणसे आपण कुठे तयार करतो, हा प्रश्न मात्र मागे राहिला. तो प्रश्न सरकारइतकाच आपल्या घरांचाही आहे, म्हणून या पानावर त्याचा विचार करू.

विजेचे काम बदलले आहे

2021 मध्ये सरकारने जाहीर केले होते की 2030 पर्यंत देशातील 60 टक्के वीज पुनर्निर्मितीक्षम साधनांपासून मिळेल आणि कोळशाचा वापर थांबेल. प्रत्यक्षात अलीकडच्या वर्षांत हा वाटा पाचव्या हिश्शापेक्षाही कमी राहिला आहे. त्यातही मोठा भाग उसाच्या चिपाडांचा, म्हणजे बगासचा आहे, आणि बगास मिळतो तो ऊसतोडणीच्या हंगामात. बाकीची वीज अजूनही परदेशातून आणलेल्या तेलावर व कोळशावर चालते.

उद्दिष्ट मागे पडले, तरी दिशा बदललेली नाही. बांबू येथील 15 मेगावॉटचे सौर केंद्र 2014 मध्ये सुरू झाले, प्लेन दे रोशच्या पवनचक्क्या 2016 मध्ये फिरू लागल्या, आणि त्यानंतर कारखान्यांच्या, दुकानांच्या व घरांच्या छपरांवर सौर पत्रे दिसू लागले. यामुळे कामाचे स्वरूपच पालटले. पूर्वी वीज मोजक्या मोठ्या केंद्रांत तयार होत असे व 66 आणि 22 किलोव्होल्टच्या तारांतून एकाच दिशेने आपल्या घरी येत असे. आता ती हजारो छपरांवरही तयार होते व उलट्या दिशेनेही वाहते. ढग आला की सौर वीज क्षणात घटते. बेटाचे जाळे लहान असल्यामुळे तो धक्का लगेच जाणवतो, आणि 50 हर्ट्झची वारंवारिता सांभाळण्यासाठी मोठ्या बॅटऱ्या व स्वयंचलित नियंत्रणे लागतात.

पुष्कळांना एक गोष्ट कोड्यासारखी वाटते. छपरावर सौर पत्रे असूनही बोर्डाची वीज गेली की त्या घरातही अंधार का होतो? बॅटरी नसलेली साधी सौरयंत्रणा जाळ्यातील वीज गेली की मुद्दाम स्वतःला बंद करते. तसे झाले नाही, तर खांबावर तार जोडणाऱ्या लाइनमनच्या हातात आपल्या छपरावरची वीज जाईल. 2024 च्या जानेवारीत बेलाल चक्रीवादळाने हजारो घरांची वीज तोडली, तेव्हा असेच लाइनमन पाण्यातून व पडलेल्या झाडांतून वाट काढीत काम करीत होते.

याच्या उलट आणखी एक गोष्ट आहे. घरातला मुख्य स्विच बंद केला तरी ऊन असेपर्यंत पत्र्यापासून इन्व्हर्टरपर्यंतच्या तारेत वीज जिवंत असते, आणि तिचा दाब कित्येकशे व्होल्ट असू शकतो. ही एकदिश वीज असते. तिची ठिणगी एकदा पेटली की घरच्या 230 व्होल्टच्या विजेच्या ठिणगीपेक्षा विझायला कठीण जाते. ज्याने केवळ दुसऱ्याचे पाहून काम शिकले, त्याला हे कोण सांगणार?

शिडी आहे, पण दिसत नाही

महाराष्ट्रातील आय.टी.आय.मध्ये या कारागिराला वीजतंत्री म्हणतात. आपल्याकडे इलेक्ट्रिशियन हाच शब्द रूढ आहे, आणि दुर्दैवाने तो शब्द आपण दुय्यम माणसासाठी वापरतो. प्रशिक्षणाची व्यवस्था मात्र बरीच जुनी आहे. कापड कारखान्यांची भरभराट होती त्या काळात, 1988 मध्ये, इंडस्ट्रियल अँड व्होकेशनल ट्रेनिंग बोर्ड स्थापन झाले. त्याच्या प्रशिक्षण कार्याची जागा 2009 च्या कायद्याने मॉरिशस इन्स्टिट्यूट ऑफ ट्रेनिंग अँड डेव्हलपमेंटने, म्हणजे एम.आय.टी.डी.ने घेतली. बेटाच्या निरनिराळ्या भागांत तिची केंद्रे आहेत. फ्लाकचे लिसे पॉलिटेक्निक त्यांपैकीच एक. उमेदवारीची योजनाही आहे. तीत तरुण काही दिवस केंद्रात शिकतो, काही दिवस मालकाकडे काम करतो व त्याबद्दल विद्यावेतन मिळवितो.

पालकांनी नीट समजून घ्यावी अशी गोष्ट पुढची आहे. आपल्या देशातील सर्व प्रमाणपत्रे 10 पायऱ्यांच्या एका चौकटीत बसविलेली आहेत. तिसऱ्या पायरीवर स्कूल सर्टिफिकेट आहे, आणि त्याच पायरीवर एनसी 3 हे कौशल्याचे प्रमाणपत्रही आहे. पाचव्या पायरीवर एच.एस.सी. आहे आणि एनसी 5 सुद्धा आहे. सहाव्या पायरीवर डिप्लोमा व त्यापुढे पदव्या येतात. म्हणजे विजेची जोडणी शिकणारा मुलगा शिडीवरून खाली पडलेला नाही. तो त्याच शिडीच्या दुसऱ्या बाजूने चढतो आहे. पुढे रेद्वीच्या मॉरिशस विद्यापीठात विद्युत अभियांत्रिकी आहे, आणि युनिव्हर्सिते दे मास्कारेञमध्ये विद्युत-यांत्रिकी व स्वयंचलन शिकविले जाते. 2019 पासून सरकारी उच्च शिक्षण संस्थांत पहिल्या पदवीपर्यंतची शिकवणी फी माफ आहे.

मग अडचण कुठे आहे? चौकटीतल्या पायऱ्या कागदावर जवळजवळ असतात. प्रत्यक्षात एनसी 3 वरून पुढे जाणाऱ्या मुलाला वर चढण्याची जागा, तिची वेळ व तिच्या अटी कोणी सांगत नाही. पुष्कळ मुले पहिल्या प्रमाणपत्रानंतर लगेच कामाला लागतात व तिथेच थांबतात. सरकारकडे मागणी करायची तर हीच करावी. प्रत्येक केंद्राने प्रवेशाच्या दिवशीच मुलाला सांगावे की येथून पुढची पायरी कोणती व तिथे जाण्यासाठी काय लागेल. नोकरी करणाऱ्यांसाठी संध्याकाळचे वर्ग वाढवावेत. सौर यंत्रणा, बॅटऱ्या व स्वयंचलित नियंत्रणे यांची यंत्रे केंद्रांत चित्रापुरती नसावीत, ती हात लावायला मिळावीत.

आपण मुलांना कसे पाठवितो

या विषयात सारा दोष सरकारवर टाकून आपण मोकळे होऊ शकत नाही. शिक्षिका म्हणून मी दर वर्षी एकच वाक्य ऐकते: "मुलगा अभ्यासात मागे पडला, आता ट्रेडला घाला." म्हणजे तांत्रिक शिक्षण हे आपल्या मनात शिक्षेचे ठिकाण आहे. दर वर्षी एच.एस.सी.चे निकाल लागतात, लॉरिएट झालेल्या मुलांची छायाचित्रे झळकतात, सारे बेट टाळ्या वाजविते. वाजवावीतच. परंतु त्या छायाचित्रांत न बसणाऱ्या हजारो मुलांसाठी घरात काय बोलले जाते, तेही आठवावे.

या वृत्तीचे मूळ समजण्यासारखे आहे. आपले आजे-पणजे ऊसमळ्यांत हातांनी राबले. मुलाच्या हातात कोयत्याऐवजी लेखणी यावी, असे त्यांना वाटले. 1977 मध्ये माध्यमिक शिक्षण मोफत झाले आणि त्यांचे स्वप्न पुष्कळ घरांत खरे झाले. त्या काळी तो विचार योग्यच होता. परंतु आज लेखणी हातात घेतलेली मुले कचेरीतील मोजक्या जागांसाठी रांगेत उभी आहेत. तरुणांतील बेकारीचे प्रमाण एकूण बेकारीच्या दुपटीहून अधिक आहे. त्याच वेळी बांधकामासाठी व कारखान्यांसाठी बांगलादेश, भारत, नेपाळ व मादागास्करहून कामगार आणावे लागतात. आपले शिकलेले कारागीर कॅनडाला व मोठ्या प्रवासी जहाजांवर जातात, कारण तिथे त्यांच्या हाताची किंमत होते. म्हणून येथील मालकांनाही सांगावे लागेल की प्रमाणपत्र असलेल्याला व नसलेल्याला एकच मजुरी द्याल, तर शिकलेला येथे राहणार नाही.

हाताचे काम म्हणजे डोक्याला सुट्टी, हा गैरसमजही सोडावा लागेल. एक साधे उदाहरण घ्या. 7 किलोवॉटचा विजेचा शॉवर 230 व्होल्टवर चालतो. 7000 ला 230 ने भागा, उत्तर 30 अँपियरच्या वर येते. दिव्यासाठी घातलेल्या बारीक तारेवर तो शॉवर जोडला, तर तार भिंतीच्या आत तापत राहील. हा भागाकार प्राथमिक शाळेतला आहे, आणि त्यावर कुटुंबाचा जीव अवलंबून आहे. नियमांची पुस्तके इंग्रजीत असतात, समजावणी क्रिओलमध्ये होते, आराखडा चिन्हांच्या भाषेत असतो. ज्याला नीट वाचता येत नाही, तो तांत्रिक शिक्षणातही अडखळतो. म्हणून लहानपणी वाचन व गणित पक्के करणे हे ट्रेडला जाणाऱ्या मुलासाठी कमी गरजेचे नाही, अधिकच गरजेचे आहे.

मुलींविषयीही बोलले पाहिजे. नियंत्रण फलकाची जोडणी, मोटारींचे स्वयंचलन, बिघाड शोधणे, या कामांत लागते ते लक्ष, धीर आणि नेमका हात. हे गुण आमच्या वर्गांतील मुलींत भरपूर आहेत. त्यांना या दाराशी नेऊन उभे करणारे पालक फार थोडे आहेत.

गणपतीची आरास आणि विजेची तार

दर वर्षी गणेश चतुर्थीला आपल्या घरांत व मंडळांत सुंदर आरास होते. दिव्यांच्या माळा कोण जोडतो? बहुधा कुणाचा तरी भाचा, ज्याला "सगळे येते". एकाच प्लगवर चार माळा, जोडाला कागदी चिकटपट्टी, खाली ओली जमीन. घरातील 16 अँपियरचा डिजॉन्क्तर तारेला आग लागण्यापासून वाचवितो. तो माणसाला शॉकपासून वाचवीत नाही, कारण माणसाचा जीव घ्यायला अँपियरचा दहावा हिस्साही जास्त होतो. त्यासाठी 30 मिलीअँपियरची गळती होताच वीज तोडणारे वेगळे उपकरण लागते, आणि नीट घातलेले अर्थिंग लागते. आपल्या मंडळांनी आरास करण्याआधी प्रमाणपत्र असलेल्या कारागिराकडून जोडणी तपासून घेण्याची प्रथा पाडावी. त्याला नारळ व मानधन देऊन चार लोकांसमोर त्याचे नावही घ्यावे. ज्या कामाला समाजात मान मिळतो, त्या कामाकडे मुले आपोआप वळतात.

पालकांनी विचारावेत असे तीन प्रश्न

नवे शालेय वर्ष जानेवारीत सुरू होते. नववीचे राष्ट्रीय प्रमाणपत्र हातात आले की बहुतेक घरांत निर्णय घाईने होतो. तो घाईने न करता पालकांनी मुलाला बरोबर घेऊन जवळच्या केंद्रात जावे व तीन प्रश्न विचारावेत. पहिला: हा अभ्यासक्रम 10 पायऱ्यांपैकी कोणत्या पायरीवर आहे, आणि मॉरिशस क्वालिफिकेशन्स ऑथॉरिटीची त्याला मान्यता आहे का? खासगी संस्थांच्या बाबतीत हा प्रश्न विसरू नये. दुसरा: आठवड्यात किती तास प्रत्यक्ष यंत्रावर काम करायला मिळेल, आणि सौर यंत्रणा व स्वयंचलन त्यात आहे का? तिसरा: हे झाल्यावर पुढच्या पायरीवर जाण्याचा मार्ग कोणता? तिन्ही प्रश्नांची स्पष्ट उत्तरे मिळाली तर निर्धास्तपणे नाव घाला. उत्तरे मिळाली नाहीत तर दुसरे केंद्र पाहा, पण मुलाला "तू हरलास" असे म्हणून पाठवू नका.

पुढच्या उन्हाळ्यातही संध्याकाळी मागणी वाढेल व बोर्ड पुन्हा काटकसरीचे आवाहन करील. परदेशातून जनित्र विकत आणता येते, बॅटरी आणता येते, सौर पत्रे आणता येतात. ती यंत्रे वीस वर्षे चालवील असा माणूस मात्र आपल्याच घरांतून, आपल्याच वर्गांतून तयार व्हावा लागतो. तो आपला मुलगा किंवा आपली मुलगी असेल, तर त्यात आपल्या कुळाला उणेपणा कसला?