रिंगणातला माणूस आणि अंगणातली शेळी

दामू धोत्रे 1973 साली निवर्तले तेव्हा आम्ही लासुर्ण्याच्या शाळेत होतो. दुष्काळाचे दिवस होते. मोठी माणसे खडी फोडायला जात. वडिलांनी वर्तमानपत्रातली बातमी वाचून दाखवली आणि त्या संध्याकाळी आम्ही भावंडांनी अंगणात राखेने रिंगण आखले. घरची शेळी वाघ झाली, सुतळीचा चाबूक झाला. शेळी काही पाटावर चढेना.

पुण्यात 1902 साली जन्मलेले धोत्रे लहानपणीच मामांच्या सर्कशीत शिरले आणि 1940 च्या दशकात अमेरिकेच्या रिंगलिंग ब्रदर्स सर्कशीत हिंस्र जनावरांचे खेळ करू लागले. उघड्या अंगाने, डोक्याला फेटा बांधून पिंजऱ्यात उतरणारा हा मराठी माणूस आमच्या पिढीला धैर्याची व्याख्याच वाटे.

ती व्याख्या आता टिकत नाही. वाघ, सिंह, बिबळे, अस्वले आणि माकडे यांच्या खेळांवर केंद्र सरकारने 1998 मध्ये बंदी घातली आणि 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. बंदी योग्यच होती, असे आमचे स्पष्ट मत आहे. पण तिच्यासोबत धोत्र्यांचे आत्मकथनही कुमारवाङ्मयाच्या फळीवर ढकलून आपण मोकळे झालो, हे मात्र योग्य नव्हे.

‘वाघ सिंह माझे सखे सोबती’ हे पुस्तक भानू शिरधनकरांनी शब्दबद्ध केले. इंग्रजीतले ‘वाइल्ड ॲनिमल मॅन’ही दुसऱ्याच्याच लेखणीतून उतरले. म्हणजे जनावरांच्या वतीने माणूस बोलतो आणि त्या माणसाच्या वतीने लेखक. आत्मचरित्रातला ‘मी’ कोणाचा, हा प्रश्न वर्गात विचारण्यासाठी याहून चांगले उदाहरण कोणते? शीर्षकातला ‘सोबती’ हा शब्दही तपासून पाहावा. पिंजऱ्याचे दार ज्याच्या हाती, त्याने केलेला मैत्रीचा दावा खोटाच असतो असे नाही. पण तो एकतर्फी असतो. धोत्र्यांचे प्रेम आणि त्यांचा चाबूक, दोन्ही खरे मानूनच हे पुस्तक वाचायला हवे. नुसते स्मरणरंजन किंवा नुसता निषेध, दोन्ही वाचनाचे कष्ट वाचवतात.

आमची शेळी त्याच उन्हाळ्यात बाजारात विकली गेली. तिच्यावर आमचा फार जीव होता, असे आम्ही आजवर सांगत आलो. बाजाराच्या वाटेवर तिचा दोर आमच्याच हातात होता, हे सांगायचे राहून गेले.