कार्यानुभव : पालकांचा सक्तीचा विषय

पहिली ते चौथीच्या मुलांच्या आईवडिलांना जो विषय सक्तीने घ्यावा लागतो, त्याला कार्यानुभव असे म्हणतात. यातले कार्य आईवडिलांचे असते आणि अनुभव स्टेशनरीच्या दुकानदाराचा. मुलाचा या विषयाशी संबंध एवढाच, की तयार वस्तू न मोडता शाळेपर्यंत पोचवायची. म्हणजे खरे पाहता मुले जे शिकतात ती हमाली. पण मध्यमवर्गात हमालीला हमाली म्हणत नाहीत, 'प्रोजेक्ट' म्हणतात.

इतर विषयांवर काही ना काही उतारा असतो. गणिताला शिकवणी असते, इंग्रजीला गाइड असते, इतिहासाला देव असतो. कार्यानुभवाला यांतले काही नाही. रात्री साडेनऊला जेवणे आटोपून आपण जरा पाय पसरावेत, तोच आतून आवाज यावा, "बाबा, उद्या पवनचक्की न्यायचीय."

"बाईंनी कधी सांगितलं?"

"मागच्या सोमवारी."

आता मी बी.कॉम. झालेला बँकेतला क्लार्क. मला तयार पवनचक्की आणून दिली, तर मी फार तर तिचा घसारा काढून देईन. ती उभी करणे आमच्या अभ्यासक्रमात नव्हते. पण बाप झालेल्या माणसाला अभ्यासक्रम विचारीत नाहीत.

आम्ही राहतो द्वारकेला. नाशिकबाहेरच्या वाचकांसाठी खुलासा : ही श्रीकृष्णाची द्वारका नव्हे. ती समुद्रात बुडाली, आमची वाहतुकीत बुडालेली आहे. मुंबई-आग्रा महामार्ग आणि नाशिक-पुणे रस्ता इथे एकमेकांना भेटतात, आणि भेटल्यावर दोघेही बराच वेळ हलत नाहीत. या चौकाच्या आजूबाजूला पंक्चरवाले आहेत, वेल्डिंगवाले आहेत, गॅरेजवाले आहेत. जुन्या नाशकात शिरलात तर तांब्यापितळेच्या भांड्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा आहे. नाशिकरोडला नोटा छापतात. (नोट कशी बनवतात हे तेवढे मला शाळेने शिकवले नाही, ते बँकेच्या दृष्टीने बरेच झाले.) आणि तिकडे ओझरला सुखोई विमाने जुळवली गेली. थोडक्यात, वस्तू कशी बनते हे पाहायला नाशिकच्या पोराला लांब जायला नको. अशा या गावात पवनचक्की कुठे मिळते? स्टेशनरीच्या दुकानात, प्लास्टिकच्या पिशवीत, तयार.

दुकानदार नुसते विचारतो, "कितवी?"

"तिसरी."

"तिसरीला पवनचक्की न्‌ पाणी वाचवा. चौथीला ज्वालामुखी. आत्ताच घेऊन ठेवा, मार्चमध्ये मिळणार नाही."

अभ्यासक्रमाची इतकी पक्की जाण असलेला दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. २०१८ साली राज्यात थर्माकोलवर बंदी आली तेव्हा हा विषयच बुडतो की काय, असे वाटले होते. पण महिन्याभरात दुकानात रंगीत फोमशीट लटकू लागली आणि शिक्षणाची गंगा पूर्ववत वाहू लागली.

हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट असती तर मी इथेच थांबलो असतो. पण माझी तक्रार गंभीर आहे. हा विषय आपण ज्या गमतीने बुडवला आहे, तो सगळ्या विषयांत शहाणा विषय होता.

ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि पुढे झाकिर हुसेन समितीने त्या विचाराची योजना केली. म्हणणे साधे होते. मुलाला पुस्तकाबरोबर थोडे सूत कातायला शिकवा, असे ते नव्हते. सूत काततानाच त्याला गणित, भूगोल आणि शेजारधर्म शिकवा, असे होते. आपण काय केले? टकळी तेवढी ठेवली आणि गणित-भूगोल पुन्हा पुस्तकात नेऊन ठेवला. टकळी फिरत राहिली, डोके थांबले. मग १९६६ साली कोठारी आयोगाने 'कार्यानुभव' म्हटले. १९७७ साली ईश्वरभाई पटेल समितीने 'समाजोपयोगी उत्पादक कार्य' म्हटले. आमच्या बँकेतही एखादे खाते वसूल होईनासे झाले, की प्रथम त्याचे नाव बदलतात. त्यामुळे ही पद्धत माझ्या चांगल्या परिचयाची आहे.

बाहेर काय झाले तेही पाहा. फिनलंडने १८६६ सालीच गावोगावच्या शाळांतून हस्तकौशल्य आणले. इंग्लंडमध्ये १९९० पासून 'डिझाइन आणि तंत्रज्ञान' हा विषय राष्ट्रीय अभ्यासक्रमात आला, तोही पाच वर्षांच्या मुलांपासून. आपण साहेबाची टायपासून चहापर्यंत प्रत्येक गोष्ट उचलली, नेमकी हीच तेवढी राहिली.

बरे, आपल्याकडे कुणाला सुचलेच नाही म्हणावे, तर तसेही नाही. मुंबईला मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने हा विषय आपल्याच मुलांबरोबर करून पाहिला. शहरातली मराठी शाळा, शहरातली इंग्रजी शाळा आणि खेड्यातली मराठी शाळा, अशा तिन्हीकडे. मुले सहावीच्या आसपासची. वस्तू तीन : पिशवी, बाहुल्यांचा खेळ, आणि (आमच्या तिसरीच्या पालकांनी कृपया ऐकावे) वजन उचलणारी पवनचक्की. पण ती रात्री साडेनऊला नव्हे. आधी गटात बसून विचार, मग कागदावर चित्र, मग सामानाची आणि कामाची यादी, मग प्रत्यक्ष वस्तू, आणि शेवटी आपल्या व दुसऱ्याच्या वस्तूची परीक्षा. आणि पुण्याजवळ पाबळला डॉ. कलबागांनी हिंदुस्थान लीव्हरमधली नोकरी सोडून १९८३ साली विज्ञान आश्रम काढला आणि हाताने काम करता करता शिकणे हायस्कूलच्या मुलांपर्यंत नेले. म्हणजे रस्ता आहे, पाट्याही लावलेल्या आहेत. फक्त आपली गाडी द्वारकेला अडकली आहे.

या विषयात मूल नेमके काय शिकते, हे मी माझ्या घरात पाहिले. आमच्या कन्येने यंदा जाहीर केले, की पवनचक्की मी माझी करणार. पुठ्ठ्याची चार पाती, मध्ये टाचणी, खाली कणसाचे बुरकुंड. दिसायला झकास. पंख्यासमोर धरली तर ढिम्म हलेना. हिने स्वयंपाकघरातून सुचवले, "अहो, तुम्ही बघा ना जरा!" मी बघितले. माझ्या बघण्याने ती फिरली नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेत तिच्या वर्गातल्या एका मुलाने ते पाहिले. त्याच्या वडिलांचे चौकाजवळ दुचाकीचे गॅरेज आहे. तो म्हणाला, "पाती सरळ आहेत ना गं. वारा नुसता आपटतो. तिरकी कर." संध्याकाळी घरी येऊन तिने पाती किंचित पिळली. चक्की भिंगरीसारखी फिरली. मग ती अर्धा तास छताच्या पंख्याकडे मान वर करून बघत बसली, आणि मग मला म्हणाली, "बाबा, ह्याचीपण तिरकीच आहेत. तुम्हाला माहीत होतं?" चाळीस वर्षे त्या पंख्याखाली झोपून मी जे पाहिले नव्हते, ते तिला आठव्या वर्षी दिसले. शिक्षण, शिक्षण म्हणतात ते याहून वेगळे काय असते?

आता निकाल ऐका. त्या मुलाने स्वतः एक जीप केली होती. तेलाच्या डब्याचा पत्रा, जुन्या स्लिपरची चाके आणि आस म्हणून सायकलचा स्पोक. फरशीवर सोडली की सरळ रेषेत जायची. ज्याने काडेपेटीची गाडी कधी करून पाहिली आहे, त्याला कळेल की गाडी सरळ जाणे म्हणजे काय चीज आहे. दोन्ही बाजूंची भोके केसभर मागेपुढे झाली, की गाडी गोल फिरते. त्या पोराने ती मोजून पाडली होती. त्याला श्रेणी मिळाली 'क'. कारण फिनिशिंग नाही, आणि पत्र्याला गंज होता. आमच्या शेजाऱ्यांच्या चिरंजीवांना 'अ' मिळाली. त्यांची पवनचक्की पिशवीतून निघालेली होती, वर किमतीचे लेबल खरवडल्याची खूणही होती.

बाईंना मी दोष देत नाही. चाळीस मुले, दोन कात्र्या, वर जनगणना आणि निवडणूक. त्या श्रेणी नाही तर काय देतील? मी विचार करतो त्या मुलाचा. त्या दिवशी तो शाळेत एक धडा शिकला : माझा बाप दिवसभर जे करतो ते शिक्षण नव्हे, दुकानातून आणतात ते शिक्षण. हा धडा कुठल्याही पुस्तकात छापलेला नाही, पण आपल्या समाजाने तो शेकडो वर्षे न चुकता शिकवला आहे. हात काळे करणाऱ्याने खाली बसायचे, वही काळी करणाऱ्याने वर. आणि हे आपण प्राथमिक शाळेत, कार्यानुभवाच्याच तासाला शिकवावे, याला काय म्हणावे?

पालकसभेत मी हे बोललो. एक गृहस्थ म्हणाले, "अहो, हे सगळं करायला माणसं मिळतात. आमच्या मुलाला आम्ही कोडिंग लावलंय." मला कोडिंगचे वावडे नाही. पण पहिल्यांदा न चालणे, का चालले नाही ते शोधणे आणि पुन्हा करणे, हीच जर त्या विद्येतली बाराखडी असेल, तर ती पत्र्यावर आणि पुठ्ठ्यावर स्वस्तात शिकता येते. दुसऱ्या बाई म्हणाल्या, "हात कापला म्हणजे?" कापेल. थोडासा. हळद असते घरात. तिसरे म्हणाले, "वेळ कुठाय?" यावर मी गप्प बसलो, कारण सभा दीड तास गणवेशाच्या रंगावर चालली होती.

वस्तू कुणासाठी करायची, हे आधी विचारायला न शिकलेली मुले मोठी होऊन काय करतात, याचा नमुना आमच्या दारातच आहे. द्वारका चौकात वरून उड्डाणपूल गेला आणि पायी चालणाऱ्यांसाठी खालून भुयारी मार्ग झाला. काँक्रीट उत्तम, पायऱ्या भक्कम. पण वर्षानुवर्षे माणसे मात्र जीव मुठीत धरून रिक्षांमधूनच रस्ता ओलांडत राहिली. एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात पोर असलेली बाई एवढ्या पायऱ्या उतरून पुन्हा चढेल का, हा प्रश्न कुणी आधी तिलाच विचारला असता, तर बरे झाले असते. तिसरीच्या वर्गात खडूची पेटी करताना पहिला प्रश्न हाच असायला हवा : ही कोण उघडणार, आणि त्याचा हात पोचतो का?

नव्या शैक्षणिक धोरणाने, २०२० साली, सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना सांगितले आहेत. सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे जाऊन शिकायचे दिवस. कल्पना सोन्यासारखी आहे. मला भीती फक्त आमच्या दुकानदाराची वाटते. त्याने 'दप्तराविना दहा दिवस संपूर्ण संच' पिशवीत भरायला घेतला असेल.

म्हणून माझ्या मागण्या थोड्या आहेत. कार्यानुभवाची कोणतीही वस्तू घरून येऊ नये, ती वर्गातच व्हावी. वाकडी चालेल, पण चालली पाहिजे. वर्षातून चार वेळा चौकातल्या एखाद्या गॅरेजवाल्या चाचांना नाही तर सुतारकाकांना वर्गात बोलवावे, आणि बसायला खुर्ची द्यावी, स्टूल नव्हे.

आणि प्रगतिपुस्तकात श्रेणीशेजारी एक रकाना वाढवावा : 'वस्तू कुणी केली?' आम्ही बँकेत साधा पाचशे रुपयांचा चेक आला, तरी सही ताडून पाहतो. पवनचक्कीवर सही मुलाची आहे, बापाची आहे की दुकानदाराची, एवढे शाळेने ताडून पाहायला काय हरकत आहे?