आपणच उभे केलेले तोतये

माणूस गेला की काय करायचे, हे आपल्या समाजाला चांगले ठाऊक आहे. शेजारी पिठलं-भात आणून देतात, कोणी नातेवाइकांना कळवायला बसतो, कोणी सामानाला धावतो. दहावा, तेरावा, वर्षश्राद्ध असे दुःखाचेही दिवस नेमून दिलेले असतात. पण माणूस गेला की नाही, हेच कळले नाही तर? त्या घरी काय घेऊन जायचे आणि तोंडाने काय बोलायचे, याचा धडा आपल्याला कोणी दिलेला नाही. मलाही नव्हता. तो मी फार उशिरा आणि दुसऱ्याच्या खर्चाने शिकलो.

१९९४ साली बँकेने माझी बदली दापोली तालुक्यात, हर्णैजवळच्या एका गावी केली. तिथे तीन वर्षे काढली आणि जन्माचे मित्र जोडले. गावचे डॉक्टर, पोस्टमास्तर, एक तांडेल, वह्या-पुस्तकांचे दुकान चालवणारे अण्णा आणि मी. संध्याकाळी जेटीच्या कठड्यावर आमची बैठक बसायची. बदल्या होत राहिल्या, तरी वर्षातून एकदा मी तिथे जाऊन येत असे.

डिसेंबर २०१५ मधल्या एका पहाटे अण्णा नेहमीप्रमाणे किनाऱ्यावर फिरायला गेले, ते परतले नाहीत. सुरूच्या झाडाखाली त्यांच्या चपला नीट जोडून ठेवलेल्या होत्या. एका चपलेत चष्मा होता, शेजारी बॅटरी. समुद्र शांत होता. अण्णा लहानपणापासून पोहणारे. कर्ज नाही, भांडण नाही, दुखणे नाही. चिठ्ठी नाही.

तांडेलाने त्याच सकाळी होड्या काढायला लावल्या. "दिवाळीनंतर पाणी उत्तरेकडे ओढतं, वरच्या अंगाला बघा," असे तो म्हणाला आणि होड्या आंजर्ले, केळशी, बाणकोट करत थेट हरिहरेश्वरापर्यंत गेल्या. डिझेलचे पैसे कोणी मागितले नाहीत. मशिदीच्या कर्ण्यावरून आणि देवळाच्या स्पीकरवरून एकच निवेदन झाले. पोलिसांनी बेपत्ता म्हणून नोंद केली. चार दिवस गाव एका अंगाने उभे होते. काहीही मिळाले नाही.

पाचव्या दिवसापासून गाव बोलू लागले.

कोणी म्हणाले, ओढीत सापडले. कोणी म्हणाले, दत्तभक्त माणूस, गिरनारला गेला असेल. कोणाला एक जुने प्रेमप्रकरण आठवले, जे त्याआधी कोणालाच माहीत नव्हते. पुढच्या आषाढीला पंढरपूरहून निरोप आला की अण्णांना वाळवंटात पाहिले. वहिनी आणि मुलगा रातोरात एस.टी.ने गेले. दोन दिवस शोधल्यावर तो माणूस सापडला. त्याची दाढी अण्णांसारखी होती, एवढेच.

या बोलण्यात मीही होतो. त्या सुमारास गावी गेलो असताना खानावळीत दोघा-चौघांसमोर मी म्हणालो, "अलीकडे दुकान चालत नव्हतं, अण्णा आतून खचले होते." याला आधार काय? तर शेवटच्या भेटीत ते थोडे गप्प होते, इतकाच. पण बोललो कोण, तर बँकेतले साहेब! आकड्यांचा माणूस! आठ दिवसांत ते वाक्य "साहेबांना सगळं माहीत होतं" असे होऊन वहिनींपर्यंत गेले.

वहिनी मला ओसरीवर म्हणाल्या, "भाऊजी, तुम्हाला ठाऊक होतं, तर मला आधी का नाही सांगितलंत?"

"ठाऊक नव्हतं, वहिनी. मला आपलं वाटलं."

"मग वाटलेलं मनात ठेवायचं ना. मी सहा महिने हिशेबाच्या वह्या उलगडतेय, काय चुकलं ते शोधत."

त्या दिवशी मला पहिल्यांदा उमगले की आमचे तर्क अण्णांसाठी नव्हतेच, ते आमच्यासाठी होते. एका धडधाकट, सुखवस्तू माणसाला कारणाशिवाय नाहीसे होता येते, ही गोष्ट आम्हाला सोसत नव्हती. कारण लावले की आम्हाला झोप लागे. तिची किंमत मात्र त्या घराने मोजायची.

मराठी माणसाला हे नवे नाही. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सदाशिवरावभाऊ गर्दीत दिसेनासे झाले आणि त्यांच्या मृत्यूची कित्येकांना खात्री पटेना. पार्वतीबाईंनी अखेरपर्यंत सौभाग्यलेणी उतरवली नाहीत. पुढे सुखनिधान नावाचा माणूस भाऊसाहेब म्हणून उभा राहिला. रत्नागिरीच्या कैदेतून सुटून त्याने याच कोकणात बंड केले, शहाणीसुरती माणसे त्याच्यामागे गेली, आणि १७७६ साली त्याला देहदंड झाला. रिकामी जागा लोकांना बघवत नाही, तिथे कोणीतरी बसवावा लागतो. आमचा प्रत्येक तर्क हा एक तोतयाच होता. गिरनारचा अण्णा, पंढरपूरचा अण्णा, कर्जबाजारी अण्णा. खरे अण्णा बाजूलाच राहिले.

याच गावाने एक गोष्ट मात्र फार चांगली केली, तीही सांगितली पाहिजे. महिन्याभराने संक्रांत आली. वहिनींना हळदीकुंकवाला बोलवायचे की नाही, यावर आळीत कुजबुज सुरू झाली. तेव्हा एका म्हाताऱ्या काकूंनी सर्वांना गप्प केले. त्या म्हणाल्या, "आपण आमंत्रण द्यायचं. यायचं की नाही ते ती ठरवील." वहिनी त्या वर्षी आल्या नाहीत. दुसऱ्या वर्षी आल्या. कोणी त्यांच्या कपाळाकडे टक लावून पाहिले नाही. तांडेलाची बायको तर रोज तिन्हीसांजेला येऊन बसायची. तांदूळ निवडायची, दिवेलागण झाली की उठायची. तिने एकदाही "काही कळलं का?" असे विचारले नाही. जून महिन्यात दुकानावर वह्यांची गर्दी झाली, तेव्हा अण्णांच्या ओळखीच्या पोरांनी आळीपाळीने गल्ला सांभाळला.

अमेरिकेतल्या संशोधक पॉलिन बॉस यांनी युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांचा १९७० च्या दशकात अभ्यास केला. अशा दुःखाला आपण मराठीत 'अनिश्चित वियोग' म्हणू. त्यांचे सांगणे असे की या दुःखाला पूर्णविराम मिळेलच असे नाही, म्हणून तो लादू नये. तांडेलाच्या बायकोने त्यांचे पुस्तक वाचलेले नव्हते.

आता कागदांविषयी. छत्तीस वर्षे बँकेत काढली, तेव्हा एवढे बोलण्याचा अधिकार आहे. सात वर्षे ज्याची खबरबात त्याच्या माणसांना लागली नाही, तो हयात आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी तसे म्हणणाऱ्यावर येते, असे १८७२ च्या पुरावा कायद्याचे १०८ वे कलम सांगत होते. जुलै २०२४ पासून त्या कायद्याची जागा भारतीय साक्ष अधिनियमाने घेतली, तरी सात वर्षे तीच राहिली. शिवाय सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली एका विम्याच्या खटल्यात स्पष्ट केले की हे गृहीतक मृत्यूपुरतेच आहे, तो केव्हा झाला याचे नाही. म्हणून विमा चालू ठेवायचा, तर नाहीशा झालेल्या माणसाचा हप्ता भरत राहावा लागतो. अण्णांचा हप्ता डॉक्टर आणि पोस्टमास्तरांनी वहिनींना आठवण करून करून भरायला लावला. जमले नाही त्या वर्षी आम्ही वर्गणी काढली.

१९९५ साली एका खलाशाची बायको माझ्या टेबलासमोर आली होती. नवऱ्याच्या खात्यावर थोडे पैसे होते. मी तिला "सात वर्षांनी या" म्हणालो आणि पुढचा टोकन नंबर पुकारला. नियम तसाच होता, पण बसा म्हणायला नियम आड येत नव्हता. २००८ साली रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितले की लहान रकमांसाठी मर्यादा ठरवा, आणि त्या मर्यादेपर्यंत पोलिसांकडची तक्रार, शोध न लागल्याचा दाखला आणि हमीपत्र एवढ्यावर पैसे द्या. चांगले झाले. पण ती बाई तेरा वर्षे आधी आली होती.

माझे मागणे मोठे नाही. मोठ्या आपत्तीत सरकारला सात वर्षे थांबावे लागत नाही. २०२१ मध्ये चमोलीच्या पुरानंतर बेपत्ता लोकांच्या मृत्यूची नोंद करायला वेगळी वाट काढली गेली. एकट्या-दुकट्या माणसाच्या बायकोने मात्र पोलीस ठाणे, बँक, विमा कचेरी आणि न्यायालय यांच्या पायऱ्या स्वतःच झिजवायच्या. गावात चार शिकलेली माणसे असतील, तर त्यांनी तर्क लढवण्यापेक्षा एक फाइल करावी. तक्रारीची प्रत, दाखले, हप्त्यांच्या पावत्या. आणि त्या घरी जावे, बसावे, विचारू नये.

२०२४ मध्ये न्यायालयाचा आदेश आला. शास्त्राप्रमाणे बारा वर्षे वाट पाहून पालाशविधी करतात. ती २०२७ मध्ये पुरी होतील. तो करायचा की नाही, हे वहिनींनी कोणाला सांगितलेले नाही आणि आम्हीही विचारलेले नाही. मंगळसूत्र गळ्यात आहे. आदेशाची प्रत कपाटात आहे.

विम्याचा अर्ज भरायला त्यांनी मलाच बोलावले. दुकानातच बसलो. नाव, पत्ता, पॉलिसी क्रमांक भरून झाले. पुढचा रकाना मृत्यूच्या तारखेचा होता. माझे पेन थांबले. मी वर पाहिले. वहिनी एका मुलाला शंभरपानी वही देत होत्या. सुटे पैसे मोजून झाल्यावर त्या म्हणाल्या, "माहीत नाही ते लिहू नका, भाऊजी."

मी "न्यायालयाचा आदेश सोबत जोडला आहे" एवढेच लिहिले आणि पान उलटले.