आधी निदान, मग स्क्रूड्रायव्हर: गाझियाबादहून एक जाहीरनामा

आम्ही वैशाली, वसुंधरा, इंदिरापुरम आणि साहिबाबादच्या सोसायट्यांमधली मराठी माणसं. कोणी बदलीने इथं आलं, कोणी हिंडनच्या हवाई तळावर पोस्टिंग होतं म्हणून, कोणाचा जन्मच इथला. आमच्या टीव्हीखालच्या कप्प्यांत गेम कन्सोल आहेत आणि त्यातले बरेच बंद पडलेत. ते आम्ही उघडणार आहोत. आपल्या पैशाने घेतलेलं यंत्र उघडण्याचा हक्क आपलाच, हे आज जाहीर करतो. आणि उघडण्याआधी काय काय केलंच पाहिजे, ही शिस्तही स्वतःला लावून घेतो.

पोराटोरांच्या खेळण्यासाठी जाहीरनामा कशाला, असं ज्यांना वाटतं त्यांनी बिल काढून बघावं. प्लेस्टेशन ४ जानेवारी २०१४ मध्ये भारतात आला तो ३९,९९० रुपयांना. फेब्रुवारी २०२१ मध्ये प्लेस्टेशन ५ आला, ४९,९९० ला. तेवढ्यात बरा फ्रीज येतो. फ्रीज बंद पडला की मिस्त्री घरी येतो, गॅस भरतो, कॉम्प्रेसर बदलतो आणि फ्रीज पुढे कित्येक वर्षं चालतो. कन्सोल बंद पडला की घरात एकच ठराव पास होतो: जाऊ दे, नवीन घेऊ. नवीन परवडत नसेल तर जुना माळ्यावर जातो. माळ्यावरून तो पुढे कुठे जातो, ते खाली येईलच.

गाझियाबादेत कन्सोल लवकर का दमतात, याचं उत्तर हवेत आहे. आयक्यूएअर या स्विस कंपनीच्या २०१९ सालच्या जागतिक अहवालात या शहराच्या पीएम २.५ ची वार्षिक सरासरी घनमीटरला ११०.२ मायक्रोग्रॅम होती. त्या यादीत आपलं शहर जगात पहिलं. आपल्या फुफ्फुसांबद्दल पुष्कळ लिहून झालं. कन्सोलचा पंखाही तीच हवा दिवसरात्र ओढतो. हीटसिंकच्या पातळ पत्र्यांमध्ये धूळ, केस आणि फोडणीचा तेलकट धूर मिळून जाड घोंगडी तयार होते. चिप आणि हीटसिंक यांच्या मधली पेस्ट वाळून भुगा होते. मे-जूनमध्ये बाहेर पारा ४५ अंशांकडे सरकलेला असतो आणि कन्सोल मात्र शोभेसाठी काचेच्या बंद कपाटात. पंखा किंचाळू लागतो, मग स्क्रीनवर यंत्र तापल्याची सूचना येते, मग अंधार. घरात निष्कर्ष निघतो की मदरबोर्ड गेला. मदरबोर्ड शाबूत असतो, पण तोवर कोणीतरी तो बदलायचं एस्टिमेट दिलेलं असतं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

म्हणून पहिलं कलम निदानाचं, आणि या कलमावर आम्ही अडून बसणार. स्क्रूड्रायव्हर हातात घेण्याआधी कन्सोल एक्स्टेन्शन बोर्डावरून काढून थेट भिंतीच्या सॉकेटला लावायचा. एचडीएमआय केबल बदलायची, टीव्हीचा पोर्ट बदलायचा, जमलं तर टीव्हीच बदलून शेजारच्या घरी लावून बघायचा. मग दिव्याकडे पाहायचं. पीएस ४ चा दिवा पांढरा स्थिर आहे आणि पडदा काळा आहे, तर यंत्र बहुधा जिवंत असतं. टॉर्च मारून एचडीएमआय पोर्टात डोकवा, एखादी पिन वाकलेली दिसेल. केबल लावलेलीच ठेवून कन्सोल इकडून तिकडे ओढण्याचा तो प्रताप असतो. दिवा निळा लुकलुकून विझत असेल तर मामला गुंतागुंतीचा: पॉवर सप्लाय, हार्डडिस्क, बोर्ड, यांतलं काहीही असू शकतं. इथं अंदाजपंचे बोलणाऱ्याला आमच्याकडे मज्जाव.

त्यानंतर सेफ मोड. कन्सोल पूर्ण बंद करायचा, पॉवरचं बटण दाबून धरायचं आणि साधारण सात सेकंदांनी दुसरी बीप ऐकू आली की सोडायचं. कंट्रोलर केबलनेच जोडावा लागतो, ब्लूटूथवर चालत नाही. इथंच निम्मे लोक वैतागून सोडून देतात. आत गेल्यावर रिझोल्यूशन बदलता येतं, डेटाबेस नव्याने बांधता येतो. डेटाबेस बांधताना तुमचे गेम पुसले जात नाहीत. इनिशियलाइझ केलं तर सगळं जातं. हा फरक मोठ्या अक्षरांत लिहून आम्ही सोसायटीतल्या आमच्या दुरुस्तीच्या टेबलावर चिकटवणार आहोत, कारण पोराचं दोन वर्षांचं सेव्ह पुसून गेल्यावर घरात जे होतं ते कोणत्याही पॉवर सप्लायपेक्षा धोकादायक असतं. आणि सीई-३४८७८-० हा आकडा दिसला म्हणून रडू नका. गेम कोसळला, एवढंच तो सांगतो. कशाने कोसळला ते शोधायचं काम बाकीच असतं: खराब झालेलं सेव्ह, ओरखडलेली डिस्क, थकलेली हार्डडिस्क किंवा नुसतं जुनं सॉफ्टवेअर.

सगळ्यात मजेशीर दुखणं पहिल्या पिढीच्या पीएस ४ चं. कोणी हात न लावता बीप वाजते आणि डिस्क बाहेर येते, पुन्हा आत ढकलली की पुन्हा बाहेर. लोक ड्राइव्ह बदलायला धावतात. कित्येकदा दोषी असतो तळाचा रबरी पाय. तो फुगून वरच्या टच बटणाच्या पट्टीला दाबतो आणि यंत्राला वाटतं, कोणीतरी बोट ठेवलंय.

चुकीचं निदान किती महाग पडतं, याचा दाखला एक्सबॉक्स ३६० देतो. भारतात तो २००६ मध्ये आला, अक्षय कुमार आणि युवराज सिंगच्या जाहिराती घेऊन. समोरच्या गोल दिव्याचे तीन भाग लाल झाले की यंत्र संपलं. जुलै २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने या बिघाडासाठी वॉरंटी तीन वर्षांची केली आणि त्यापोटी शंभर कोटी डॉलरहून जास्त रक्कम बाजूला काढली. इकडे जगभर लोक कन्सोल टॉवेलमध्ये गुंडाळून चालू ठेवत. तापून सोल्डर पुन्हा बसेल अशी समजूत. थोडे दिवस चालायचाही, मग पुन्हा लाल. सगळ्यांनी दोष चिपखालच्या सोल्डरला दिला. २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टने स्वतःच काढलेल्या माहितीपटात अभियंत्यांनी सांगितलं, की जोडण्या चिपच्या पॅकेजच्या आतच तुटत होत्या. तापणं आणि थंड होणं, तापणं आणि थंड होणं, याच्या ताणाने. म्हणजे टॉवेल, हीट गन, ओव्हन हे सगळे प्रयोग एका बंद पेटीच्या बाहेरून चाललेले. आमच्या टेबलावर हीट गनचा फुंकर-उपचार वर्ज्य आहे.

फुंकरेवरून आठवलं. नव्वदच्या दशकात समुराई आणि टर्मिनेटर या नावांची यंत्रं आपल्याकडे घरोघरी आली, जपानी फॅमिकॉमच्या नकला. कॅसेट चालली नाही की काढायची, फुंकायची, लावायची. चालायची ती फुंकरेने चालतच नव्हती. काढून पुन्हा लावल्याने पिना नव्याने टेकत. श्वासातल्या ओलाव्याने उलट पिना गंजायच्या. खोडरबराने पिना घासणारा मुलगा मात्र बरोबर होता. तोच आज चाळिशीत आहे, इंदिरापुरमला ईएमआय भरतो आणि स्वतःच्या मुलाचा कन्सोल उघडायला घाबरतो.

त्याला घाबरवलंय कोणी? स्क्रूवर चिकटवलेल्या स्टिकरने, आणि मधोमध टोचा असलेल्या त्या ताऱ्यासारख्या स्क्रूने, ज्याचा ड्रायव्हर नाक्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळत नाही. अमेरिकेत २०१८ साली फेडरल ट्रेड कमिशनने सोनी, मायक्रोसॉफ्ट, निन्टेंडो यांच्यासह सहा कंपन्यांना पत्रं धाडली, की स्टिकर फाटला म्हणून वॉरंटी नाकारणं सहसा कायद्यात बसत नाही. स्टिकरपेक्षा खोल कुलूप सॉफ्टवेअरचं. पीएस ४ च्या ब्लू-रे ड्राइव्हवरचा छोटा बोर्ड मुख्य बोर्डाशी जोडी बांधून येतो. नवा ड्राइव्ह आणला तरी जुना बोर्ड त्यात बसवावा लागतो. २०२३ पासूनच्या प्लेस्टेशन ५ चा ड्राइव्ह हाताने सुटतो, ही चांगली गोष्ट, पण पहिल्यांदा लावताना इंटरनेटवरून त्याची ओळख पटवावी लागते. तो सर्व्हर उद्या बंद झाला तर काय, याचं उत्तर आम्हाला लेखी हवं आहे. ही भीती हवेतली नाही. पीएस ४ च्या आतली घड्याळाची छोटी बॅटरी संपली आणि नेटवर्क नसलं तर डिस्कवरचे गेमही चालत नसत. लोकांनी आरडाओरडा केल्यावर सप्टेंबर २०२१ च्या ९.०० अपडेटमध्ये ते सुधारलं. एका अपडेटने जे सुटलं, ते सुरुवातीपासून तसं ठेवायला काय हरकत होती?

आणि कंपन्यांना जमत नाही असंही नाही. पीएस ४ ची हार्डडिस्क ग्राहकाने स्वतः बदलावी अशी सोय सोनीनेच केली. साधी अडीच इंची डिस्क, कृती त्यांच्याच मॅन्युअलमध्ये. आम्ही तेवढंच मागतो, फक्त पंखा, पोर्ट, ड्राइव्ह आणि कंट्रोलरच्या स्टिकसाठीही. सुटे भाग विकत मिळावेत, सर्किटचे नकाशे मिळावेत, जोडी बांधण्याचं सॉफ्टवेअर मिळावं.

परदेशी कायद्यांच्या भरवशावर राहू नये. अमेरिकेतल्या मिनेसोटा आणि कॅलिफोर्निया या राज्यांनी दुरुस्तीच्या हक्काचे कायदे केले, १ जुलै २०२४ पासून ते लागूही झाले, आणि दोन्हींनी गेम कन्सोल वगळले. कारण पायरसीची भीती. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, डिसेंबरात पोर्टल सुरू केलं. शेतीची अवजारं, मोबाइल आणि टॅबलेट, घरगुती उपकरणं, वाहनं, ही चार क्षेत्रं निवडली. २०२४ मध्ये दुरुस्ती-सुलभतेचा निर्देशांक आखायला दुसरी समिती आली आणि मे २०२५ मध्ये तिचा अहवाल आला, भर मोबाइल-टॅबलेटवर. कन्सोलचं नाव पुढे काढायला कोणी गेलंच नाही. ते आम्ही काढतो. गंमत अशी, की १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांच्या यादीत व्हिडिओ गेम आहेत. कचरा झाल्यावर कायद्याला यंत्राची आठवण येते. बिघडलेलं असताना येत नाही.

पायरसीच्या मुद्द्यावर आमची भूमिका सरळ आहे. चोरीचे गेम चालवण्यासाठी कुलूप तोडून द्या म्हणणाऱ्याला टेबलावर जागा मिळणार नाही. पण आपल्या कॉपीराइट कायद्याचं कलम ६५-अ २०१२ साली आलं, त्यात शिक्षा आहे ती हक्कभंगाच्या हेतूने कुलूप तोडणाऱ्याला. मेलेला ड्राइव्ह बदलणाऱ्या बापाचा हेतू काय असतो, हे कोणालाही कळतं. सुट्या भागांच्या अडवणुकीवर आपल्याकडे कारवाई झालेलीही आहे: ऑगस्ट २०१४ मध्ये स्पर्धा आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटींचा दंड ठोठावला, कारण त्या बाहेरच्या गॅरेजांना भाग आणि तांत्रिक माहिती देत नव्हत्या. अपिलं पुढे चालली, पण तत्त्व मांडलं गेलं. गाडीला लागू होतं ते टीव्हीखालच्या डब्याला का नको?

आता माळ्यावरच्या कन्सोलकडे. भंगारवाला तो वजनावर नेतो. दिल्लीत सीलमपूर आणि आपल्याच जिल्ह्यात लोनी, इथे असा माल फुटतो. तांब्यासाठी वायरी जाळतात, धातूसाठी बोर्ड ॲसिडात बुडवतात. ही कामं करणाऱ्यांत बायका आणि मुलंही असतात, हातमोज्यांशिवाय. तो धूर वसुंधरेत यायला व्हिसा लागत नाही. एका पंख्याची धूळ काढली नाही म्हणून अख्खा बोर्ड तिकडे जाळला जावा, हा हिशेब आम्हाला मान्य नाही. दुरुस्ती जाणणारे हात इथेच आहेत. याच शहरात १९७४ पासून भारत इलेक्ट्रॉनिक्सचा कारखाना आहे, तिथं रडार बनतात. साहिबाबादच्या सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्समध्ये १९७७ साली देशातला पहिला सौर सेल तयार झाला. या कारखान्यांतून निवृत्त झालेले काका-काकू आमच्या सोसायट्यांत सकाळी फिरताना दिसतात. त्यांनी सोल्डरिंग आयर्न हातात घ्यावी, ही विनंती आमच्या कार्यक्रमाचा गाभा समजा.

बाजारातल्या कारागिरांच्या पोटावर आम्ही पाय देणार नाही. वैशालीहून मेट्रोच्या ब्लू लाइनने दिल्लीत राजीव चौकला उतरलं की पालिका बाजार. तिथले उस्ताद सूक्ष्मदर्शकाखाली एचडीएमआय पोर्ट बदलतात, ते आम्हाला जमायला वर्षं लागतील. त्यांना अडचण आहे ती कंपनीचा नकाशा मिळत नाही याची, आणि गिऱ्हाइकाला बिघाड नीट सांगता येत नाही याची. दुसरी अडचण आम्ही दूर करू. काम त्यांच्याकडे पाठवताना सोबत निदानाचा कागद जाईल, आणि काढलेला जुना भाग परत मागितला जाईल.

काही गोष्टी आम्ही करणार नाही. पॉवर सप्लायचा डबा उघडणार नाही; प्लग काढल्यावरही त्यातले कपॅसिटर झटका देऊ शकतात. फुगलेली कंट्रोलर-बॅटरी टोचणार नाही. प्लेस्टेशन ५ चा हीटसिंक हौस म्हणून उचलणार नाही. त्याखाली पेस्टऐवजी द्रव धातू असतो, तो बोर्डावर सांडला तर शॉर्ट होतो. कॅनच्या हवेने पंखा भिरभिरवणार नाही. पाती बोटाने धरूनच धूळ उडवायची. आणि जे दुरुस्त होणार नाही, ते होणार नाही असं स्पष्ट सांगू.

हा मसुदा मराठीत आहे कारण पहिली बैठक मराठी घरांत झाली; हिंदी प्रत सोसायटीच्या गेटवर लागेल. नोंदणी नाही, वर्गणी नाही, टेबल सोसायटीचं. येताना कन्सोल, त्याची स्वतःची पॉवर केबल आणि एक कंट्रोलर आणा. बिघाड पहिल्यांदा कधी झाला, कोणता गेम चालू होता आणि किती वेळाने झाला, हे चिठ्ठीवर लिहा. डिस्क आत अडकली असेल तर आल्या आल्या सांगा. आणि निघण्यापूर्वी घरी हेअर ड्रायर लावून पाहू नका.