दारी आलेले गिऱ्हाईक परत का जाते?

आपल्या मालास गिऱ्हाईक मिळत नाही, ही कोकणातील आंबा बागायतदाराची जुनी तक्रार आहे. अलीकडे या तक्रारीस एक नवे रूप आले आहे. गिऱ्हाईक येते, माल पाहते, आणि काही न घेता निघून जाते. हे गिऱ्हाईक रस्त्याने चालत येत नाही. ते मुंबई-पुण्यास आपल्या घरी बसून मोबाइलवर बागायतदाराचे संकेतस्थळ उघडते आणि दोन घटकांत ते मिटून टाकते. असे का घडते व त्यावर उपाय काय, याविषयी थोडा विचार या लेखात मांडावयाचा आहे.

महाराष्ट्रात २०१६ साली फळे व भाजीपाला बाजार समित्यांच्या नियमनातून मोकळा झाला. त्यापूर्वीही काही बागायतदार ओळखीच्या घरी पेट्या पोहोचवीत असत. परंतु पुढील काळात बागायतदारांचे गट व उत्पादक कंपन्या थेट विक्रीकडे अधिक वळल्या. अनेकांनी संकेतस्थळे तयार करवून घेतली. वाशीच्या बाजारात माल पाठवावयाचा व पट्टी येईपर्यंत वाट पाहावयाची, यापेक्षा आपला भाव आपण ठरवावा, ही इच्छा सर्वथा योग्य आहे. तथापि संकेतस्थळ तयार झाले म्हणजे विक्री झाली, ही समजूत मात्र योग्य नाही. कलम लावले म्हणजे आंबा हाती आला, असे कोणी बागायतदार म्हणत नाही.

मोजावयाचे ते काय?

प्रस्तुत लेखकाकडून याबाबतीत एक चूक घडली आहे व ती सांगणे त्यास आवश्यक वाटते. त्याच्या कार्यक्षेत्रातील एका बागायतदार गटास त्याने संकेतस्थळ काढण्याचा आग्रह केला. हंगाम सुरू होताच किती माणसांनी ते पाहिले, याचा आकडा दर आठवड्यास वाढू लागला. मासिक अहवालात तो आकडा मोठ्या समाधानाने लिहिला गेला. मागण्या मात्र मोजक्याच आल्या. मे महिना उजाडला तेव्हा गटाच्या बहुतेक पेट्या नेहमीप्रमाणे वाशीस रवाना झाल्या होत्या. गटाच्या बैठकीत एका वयस्क बागायतदाराने शांतपणे विचारले, "साहेब, इतकी माणसे दारावरून गेली म्हणता, मग आत कोणी का आले नाही?" या प्रश्नास लेखकापाशी उत्तर नव्हते. त्याने माणसे मोजली होती, मागण्या मोजल्या नव्हत्या. आणि परत गेलेल्या माणसास कारण विचारण्याचे तर त्याच्या मनातही आले नव्हते.

येथे साधा हिशेब ध्यानात घ्यावा. समजा, हंगामात १,००० माणसे संकेतस्थळावर आली व त्यांपैकी १० जणांनी पेटी मागविली. आणखी १० गिऱ्हाइके हवी असल्यास दोन मार्ग आहेत. एक, जाहिरातीवर पैसे खर्चून आणखी १,००० माणसे आणावयाची. दुसरा, परत गेलेल्या ९९० जणांपैकी निदान १० जण थांबतील अशी दुरुस्ती आपल्या पानात करावयाची. पहिल्या मार्गाचा खर्च प्रत्येक हंगामात नव्याने करावा लागतो. दुसऱ्या मार्गाने केलेली दुरुस्ती पुढील हंगामासही उपयोगी पडते. पाट गळत असता विहिरीवर मोठा पंप बसविण्यात शहाणपण नाही.

भाव झाकून ठेवू नये

गटाच्या पानात दोष कोणता होता, हे लेखकास त्याच्या पुण्याच्या मावशीकडून कळले. तिला त्याने काही न शिकविता, "एक पेटी मागवून पाहा," एवढेच सांगितले होते. थोड्या वेळाने तिचाच फोन आला. "अरे, भाव कुठे लिहिला आहे? आणि पेटीत आंबे किती, ते तरी सांगशील की नाही?"

पानावर भावाच्या जागी 'संपर्क साधावा' असे लिहिले होते. भाव रोज बदलतो आणि तो शेजाऱ्याच्या व दलालाच्या दृष्टीस पडू नये, अशी गटातील मंडळींची भावना होती. ही अडचण खरी आहे. परंतु तिची किंमत आपण मोजतो, हे विसरता कामा नये. भाव न दिसल्यास फोन करून विचारणारी माणसे थोडी असतात. बाकीची दुसऱ्या दुकानाकडे वळतात. यास्तव भाव लिहावा व त्यापुढे तो कोणत्या तारखेचा, हेही लिहावे. बदलला की पानावरही बदलावा. हे काम गटातील एका जबाबदार व्यक्तीकडे नेमून द्यावे.

वाहतूक-खर्चाचीही हीच गोष्ट आहे. पेटीचा भाव आरंभी व वाहतुकीचा आकार अगदी शेवटी दाखविला, म्हणजे गिऱ्हाइकास फसल्यासारखे वाटते. पिन कोड प्रथमच विचारून घरपोच एकूण किती रुपये पडतील, हे सांगून टाकावे. ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० यांनीही एकूण किंमत व तिची फोड ग्राहकास स्पष्ट दाखविण्याचे बंधन विक्रेत्यावर घातले आहे. जे कायदा सांगतो, तेच या ठिकाणी धंद्याच्याही हिताचे आहे.

पेटी म्हणजे किती?

आपण ज्या भाषेत रोज बोलतो ती गिऱ्हाइकास कळतेच असे नाही. 'पेटी' म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर चार-पाच डझनांची लाकडी पेटी उभी राहते, आणि फळ लहान असल्यास त्याच पेटीत अधिक डझन बसतात, हे आपणांस ठाऊक असते. शहरातील चार माणसांच्या कुटुंबास एक किंवा दोन डझनच पुरे असतात. 'चौदा आणे तयार' हा शब्दप्रयोग बागेत कोणासही समजेल. शहरातील तरुण गृहिणीस तो कोडे वाटेल. म्हणून फळांची संख्या, एका फळाचे साधारण वजन, फळ हिरवे पाठविणार की पिकलेले, आणि घरी पोहोचल्यावर ते किती दिवसांत खाण्यायोग्य होईल, या चार गोष्टी साध्या शब्दांत लिहाव्यात.

छायाचित्राविषयीही थोडे सांगणे जरूर आहे. दुसरीकडून उचललेले चकचकीत चित्र अनेक पानांवर एकच असते व ते पाहणाऱ्याच्या लगेच ध्यानी येते. आपल्याच बागेतील फळ तळहातावर धरून, उघडी पेटी समोर ठेवून, सकाळच्या उजेडात काढलेले छायाचित्र अधिक विश्वासार्ह ठरते. मात्र मोबाइलने काढलेले मोठ्या आकाराचे चित्र जसेच्या तसे चढवू नये. ते लहान करून घ्यावे. चित्रे उघडण्यास वेळ लागला तर गिऱ्हाईक वाट पाहत बसत नाही.

विश्वासाची बाजू

अनोळखी माणसास आधी पैसे पाठवावयाचे, आणि तेही नाशवंत मालासाठी, ही लहान गोष्ट नव्हे. गिऱ्हाइकाच्या मनात चार शंका येतात. हा आंबा खरोखर हापूस आहे काय? तो कार्बाइड घालून पिकविला आहे काय? आत साका निघाला तर काय? पेटी वाटेत दबली तर कोणाकडे जावयाचे? ज्या पानावर या शंकांची उत्तरे नाहीत, ते पान कितीही सुंदर असो, तेथे पैसे भरले जाणार नाहीत.

पहिल्या शंकेचे उत्तर आपल्या हाती आहे. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर या जिल्ह्यांतील हापूसला २०१८ साली भौगोलिक चिन्हांकन मिळाले आहे. ज्या बागायतदाराने अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी केली असेल, त्याने आपला नोंदणी क्रमांक पानावर ठळकपणे द्यावा. ज्याने केली नसेल, त्याने ती करून घ्यावी. गावाचे नाव, बागायतदाराचे नाव आणि चालू फोन क्रमांक यांनाही तितकेच महत्त्व आहे. आंबापोळी, आमरस यांसारखा प्रक्रिया केलेला माल विकावयाचा असल्यास अन्नसुरक्षा नोंदणीचा १४ अंकी क्रमांक दिलाच पाहिजे.

कॅल्शियम कार्बाइडने फळ पिकविण्यास बंदी आहे, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु 'आम्ही कार्बाइड वापरीत नाही' एवढे वाक्य पुरेसे नाही. फळ देठासह नूतन झेल्याने कसे उतरविले, भाताच्या पेंढ्यात आढी कशी लावली, हे दोन-तीन छायाचित्रांनी दाखविल्यास वाक्यास आधार मिळतो.

साक्याचा प्रश्न अवघड आहे, कारण हा दोष बाहेरून दिसत नाही. म्हणूनच तो लपविण्यापेक्षा आधी सांगणे बरे. 'खराब फळाचे छायाचित्र पेटी मिळाल्यापासून अमुक दिवसांत पाठवावे, तेवढ्या फळांचे पैसे परत मिळतील,' असा नियम ठरवून तो भावाशेजारीच छापावा. आढीत फळ पिकावयास लागणारे दिवस त्या मुदतीत धरलेले असावेत, नाही तर नियम निरर्थक ठरेल. अशा वचनाने तोटा होईल, अशी भीती काही जण व्यक्त करतात. काही फळांचे पैसे परत द्यावे लागतील, हे खरे; परंतु तो खर्च भाव ठरवितानाच हिशेबात धरता येतो. जे वचन पाळता येणार नाही, ते मात्र देऊ नये.

पेटीत एक छापील चिठ्ठीही घालावी. हिरवे फळ सुमारे १३ अंश सेल्सिअसपेक्षा कमी तापमानात ठेवल्यास त्यास थंडीची इजा होते व ते नीट पिकत नाही. पुष्कळ गिऱ्हाइके अज्ञानाने हिरवे आंबे थेट फ्रीजमध्ये ठेवतात आणि दोष बागायतदारास देतात. योग्य सूचना मिळालेले गिऱ्हाईक पुढच्या वर्षी पुन्हा येते, आणि पुन्हा आलेल्या गिऱ्हाइकास आणण्यासाठी जाहिरातीचा खर्च पडत नाही.

प्रयोग कसा करावा

कृषी प्रात्यक्षिकाचा नियम येथेही लागू आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी व परिणाम नोंदवावा. किती माणसे आली, किती जणांनी पेटीचे पान उघडले, किती जणांनी पत्ता भरला व किती जणांनी पैसे भरले, हे चार आकडे वहीत लिहिले तर गळती कोठे आहे ते दिसते. पत्त्यापर्यंत आलेले लोक पैसे भरताना परत जात असतील, तर दोष वाहतूक-खर्चात किंवा पैसे भरण्याच्या पद्धतीत असावा, असा तर्क करता येतो. यूपीआयने व साध्या रीतीने पैसे भरता येतात की नाही, हे स्वतः भरून पाहावे.

परंतु आकड्यांवर फाजील विश्वासही ठेवू नये. अक्षय तृतीयेच्या सुमारास मागणी आपोआप वाढते. त्याच आठवड्यात केलेल्या बदलास यशाचे श्रेय देणे म्हणजे पाऊस पडल्यावर खताची तारीफ करण्यासारखे आहे. शिवाय लहान गटाकडे येणाऱ्या माणसांची संख्याच इतकी थोडी असते की, दोन-चार मागण्यांच्या फरकावरून निष्कर्ष काढता येत नाही. अशा वेळी उत्तम उपाय म्हणजे शहरातील चार-पाच माणसांपुढे मोबाइल ठेवून पेटी मागविण्यास सांगणे आणि आपण मुकाट्याने पाहत राहणे. ती कोठे अडखळतात, काय शोधतात, कशास कंटाळतात, हे एका संध्याकाळी समजते. यास खर्च काही नाही. थोडा मानभंग सोसण्याची तयारी मात्र हवी.

खोटी घाई नको

'केवळ दोनच पेट्या शिल्लक', 'पुढील दहा मिनिटांतच हा भाव', असे खोटे फलक लावावेत, स्वतःच्याच स्तुतीचे अभिप्राय लिहावेत, असा सल्ला देणारी मंडळीही भेटतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा फसव्या रीतींविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली असून त्यांत १३ प्रकार नमूद आहेत. खोटी घाई व शेवटी हळूच वाढविलेली किंमत हे दोन्ही त्यांत आहेत. परंतु केवळ कायद्याच्या भीतीने नव्हे, तर आपल्या जिल्ह्याच्या नावासाठी हे टाळावयास हवे. एकाने फसविले की संशय सर्वांच्या पेट्यांवर येतो.

कार्यकर्त्यांचे कर्तव्य

प्रत्येक बागायतदाराने स्वतंत्र संकेतस्थळ काढावे, असे या लेखाचे म्हणणे नाही. पन्नास कलमांच्या धन्यास एकट्याने हा व्याप झेपणार नाही. त्याने गटात सामील व्हावे. सर्व माल घरपोच विकला जाईल, असेही नाही; वाशीचा बाजार राहीलच. परंतु ज्यांनी संकेतस्थळावर पैसे खर्च केले आहेत, त्यांचे ते पैसे वाया जाऊ देणे हा अपराध आहे, आणि त्यात विस्तार-यंत्रणेचाही वाटा आहे. आपण संकेतस्थळाच्या उद्घाटनास हजर राहतो, छायाचित्र घेतो व पुढे तिकडे फिरकत नाही. यापुढे ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी अहवालात किती माणसे आली याऐवजी किती मागण्या आल्या व किती गिऱ्हाइके दुसऱ्या वर्षी परत आली, हे लिहावे. योजनांतही संकेतस्थळ उभारण्याबरोबर ते हंगामभर राखण्यासाठी तरतूद असावी, असे लेखकाचे स्पष्ट मत आहे.

मोहोर येण्यापूर्वीचे दिवस या कामास सोयीचे आहेत. बागायतदार बंधूंनी व भगिनींनी येत्या आठवड्यात आपलेच पान परक्याच्या नजरेने एकदा उघडून पाहावे आणि त्यावरून एक पेटी मागविण्याचा प्रयत्न करावा. जेथे आपण स्वतः अडखळू, तेथेच आपले गिऱ्हाईक परत गेले आहे, असे खुशाल समजावे व दुरुस्तीस तेथूनच आरंभ करावा.