दंड आईनं का भरायचा?



दारू पिऊन मोटारसायकल चालवताना तरुण मुलगा पकडला गेला, की कोर्टात पैसे घेऊन कोण धावतं? बहुतेक वेळा त्याची आई, नाहीतर बायको. मोटार वाहन कायद्याच्या १८५ व्या कलमात पहिल्या गुन्ह्याला दहा हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. पुन्हा सापडला तर पंधरा हजार, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही. हे दहा हजार निंदणाच्या मजुरीतून येतात, कापूस वेचून येतात, नाहीतर बचत गटाच्या कर्जातून. मुलगा त्याच संध्याकाळी घरी येतो, आई वर्षभर हप्ते फेडते. मग शिक्षा झाली कुणाला?

वर्धा जिल्ह्यात १९७० च्या दशकापासून दारूबंदी आहे. पण शेजारच्या नागपूर, यवतमाळ, अमरावती जिल्ह्यांत दुकानं उघडी आहेत. पोरं गाडीवर हद्द ओलांडतात, पितात आणि त्याच गाडीवर परततात. म्हणून बंदी उठवा असं आम्ही मुळीच म्हणत नाही. पण नुसत्या बंदीवर थांबूनही चालणार नाही.

दंडाऐवजी दुसरी शिक्षा म्हटलं, की आता लोकांना पुणं आठवतं. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरात अल्पवयीन मुलाच्या आलिशान मोटारीखाली एक तरुण आणि एक तरुणी मेली. काही तासांतच त्याला जामीन मिळाला. अटींमध्ये अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध होता. लोक संतापले, ते योग्यच होतं. पण ती शिक्षा नव्हती, जामिनाची अट होती. पुढे पोलिसांनी आरोप ठेवला की तपासणीसाठी मुलाच्या रक्ताऐवजी त्याच्या आईचं रक्त दिलं गेलं. तिथे आईचं रक्त, इथे आईची मजुरी. श्रीमंत असो की गरीब, मुलाच्या जागी आईला उभं करण्याची रीत एकच.

म्हणून आमची मागणी साधी आहे. शिक्षा अशी हवी, जी दुसऱ्या कुणाला भरताच येणार नाही.

त्यासाठी कायद्यात वाट आहे. १९५८ च्या परिविक्षा कायद्यानुसार न्यायालय गुन्हेगाराला बंधपत्रावर सोडून किमान एक वर्ष परिविक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली ठेवू शकतं, नशा न करण्याची अटही घालू शकतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत समाजसेवा ही शिक्षा म्हणून आली. दारूच्या नशेत सार्वजनिक जागी गैरवर्तन केलं तर ती देता येते. १८५ व्या कलमात मात्र अजून कैद आणि दंडच आहे. ही उणीव भरून काढली पाहिजे.

अमेरिकेत साउथ डाकोटा राज्यात २००५ पासून अशा गुन्हेगारांची दिवसातून दोनदा श्वासतपासणी होते. प्यायलेला आढळला, की लगेच एकदोन दिवस कोठडी. शिक्षा छोटी, पण चुकत नाही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दारू पिऊन गाडी चालवताना पुन्हा पकडले जाण्याचं प्रमाण १२ टक्क्यांनी घटलेलं दिसलं. आणि घरातल्या मारहाणीबद्दलच्या अटकाही ९ टक्क्यांनी घटल्या! आपल्याला याचं नवल वाटायला नको. रस्त्यावर झिंगणारा आणि घरात हात उगारणारा पुष्कळदा एकच असतो.

एक सावधगिरी मात्र हवी. 'आईनं लक्ष ठेवावं, बायकोनं समजवावं' अशा अटी आपल्याला नकोत. तपासणी, समुपदेशन, रुग्णालयाच्या अपघात विभागातली सेवा, हे सगळं सरकारी देखरेखीखाली व्हावं. कुणाचा जीव गेला असेल, तर ही पळवाटही होता कामा नये.

पुढच्या बैठकीत प्रत्येक गटानं दोन गोष्टींची माहिती आणावी: आपल्या तालुक्यात अशा खटल्यांत कोणती शिक्षा झाली आणि दंड कुणी भरला. निवेदन त्यावरूनच लिहू.