राष्ट्रपती, रबरी शिक्का आणि मी

निवडणूक म्हटली की भोंगा आला, रंगवलेल्या भिंती आल्या, दारोदार हात जोडत फिरणारी माणसे आली आणि शेवटी बोटाला लागलेली शाई आली. पण आपल्या देशात एक निवडणूक अशीही आहे की जिच्यात यांपैकी काहीच नसते. ती सर्वांत मोठ्या पदाची असते आणि तिच्याविषयी सर्वांत कमी बोलले जाते. मतदान करायचे ते आमदार-खासदारांनी. आपण फक्त वर्तमानपत्र वाचायचे आणि चहाच्या टपरीवर मत द्यायचे. मी बोलतो आहे ती राष्ट्रपतिपदाची निवडणूक.

2022 च्या जुलैमध्ये ही निवडणूक झाली, तेव्हा मी नुकताच या महाविद्यालयात प्रथम वर्षाला दाखल झालो होतो. राज्यशास्त्र घेतले होते, त्यामुळे जगातील सर्व राजकारण आपल्याला कळते असा जो एक आजार पहिल्या वर्षी होतो, तो मलाही जडला होता. दिवसही मोठे रंगतदार होते. महाराष्ट्रातले आमदार नुकतेच सुरत, गुवाहाटी आणि गोवा असा प्रवास उरकून परतले होते आणि 30 जूनला नवे सरकार आले होते. शिवसेनेच्या एका घरात दोन चुली झाल्या होत्या. पण गंमत अशी की राष्ट्रपतिपदासाठी दोन्ही चुलींवर एकच भाकरी भाजली गेली. दोन्ही गटांनी श्रीमती द्रौपदी मुर्मू यांनाच पाठिंबा दिला. आमदारांनी विमानप्रवास केला म्हणून लोक हसत होते. पण त्या वेळी मतपेट्याही विमानानेच गेल्या. दिल्लीहून राज्यांच्या राजधान्यांकडे निघालेल्या प्रत्येक पेटीसाठी अधिकाऱ्याच्या शेजारची स्वतंत्र जागा राखून ठेवलेली होती आणि तिकिटावर प्रवाशाचे नाव होते ‘श्री. मतपेटी’! या लोकशाहीत ज्याला हमखास खिडकीजवळची जागा मिळावी असा हा एकच प्रवासी मला माहीत आहे.

या निवडणुकीचे गणितही पाहण्यासारखे आहे. आमदाराच्या मताचे मूल्य काढताना राज्याची लोकसंख्या आमदारांच्या संख्येने भागायची आणि आलेल्या उत्तराला पुन्हा एक हजाराने भागायचे. महाराष्ट्रात 288 आमदार. प्रत्येकाच्या मताचे मूल्य 175. उत्तर प्रदेशात 208, तर सिक्कीममध्ये 7. आता ही लोकसंख्या कोणती? तर 1971 च्या जनगणनेची! घटनादुरुस्तीने तसे ठरवून टाकले आहे आणि 2026 नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध होईपर्यंत ते तसेच चालायचे आहे. आमच्या घरापुरते सांगायचे तर 1971 साली घरात फक्त आजोबा आणि आजी होते. म्हणजे राष्ट्रपतींच्या निवडणुकीत आमच्या आमदाराच्या पाठीशी आजोबा उभे आहेत, आजी उभी आहे. वडील नाहीत, मी तर नाहीच नाही. माझा जन्मच हिशेबात धरलेला नाही.

उमेदवारांची कथाही अशीच. 1967 साली 17 उमेदवार उभे होते आणि त्यांतल्या 9 जणांना एकही मत पडले नाही. शून्य मते मिळवणाऱ्या या मंडळींविषयी मला मनापासून आदर आहे. पण सरकारला तो वाटला नसावा. 1974 मध्ये कायदा बदलून दहा सूचक व दहा अनुमोदक आणि अडीच हजारांची अनामत असा नियम झाला. 1977 साली 37 जणांनी अर्ज भरले, त्यांतले 36 फेटाळले गेले आणि नीलम संजीव रेड्डी बिनविरोध निवडून आले. पुढे 1997 मध्ये सूचक-अनुमोदक पन्नास-पन्नास झाले आणि अनामत पंधरा हजार. आता हौशी माणसाला शून्य मते मिळवायची म्हटली तरी आधी शंभर सह्या मिळवाव्या लागतात.

सह्यांचा विषय निघालाच आहे, तर 1969 ची गोष्ट सांगितलीच पाहिजे. काँग्रेसचे अधिकृत उमेदवार होते हेच संजीव रेड्डी, आणि त्यांच्या उमेदवारी अर्जावर सूचक म्हणून सही होती पंतप्रधान इंदिरा गांधी यांची. पुढे त्यांनीच सदस्यांना ‘अंतरात्म्याच्या आवाजा’नुसार मत देण्यास सांगितले आणि तो आवाज बहुतेकांना व्ही. व्ही. गिरी यांच्या नावाचा ऐकू आला. सही एकीकडे आणि अंतरात्मा दुसरीकडे! याच निवडणुकीत तिसरे एक नाव होते, ते आपल्या चिंतामणराव देशमुखांचे. महाडजवळच्या नाते गावचा हा माणूस रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर. नोटांवर ज्याची सही असे तो. आणि 1956 साली मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपदाच्या राजीनाम्यावर सही करून मोकळा झाला तोही हाच. 1969 मध्ये त्यांना 1,12,769 मूल्याची पहिल्या पसंतीची मते मिळाली. पहिल्या फेरीत कोणालाच पुरेशी मते नव्हती. दुसऱ्या पसंतीची मते मोजल्यावर गिरी 4,20,077 आणि रेड्डी 4,05,427 असा निकाल लागला. आजवर दुसऱ्या पसंतीवर ठरलेली राष्ट्रपतिपदाची ही एकच निवडणूक. त्यानंतर काही महिन्यांतच काँग्रेस दुभंगली.

हे सारे मी त्या वेळी पाठ केले होते आणि जो भेटेल त्याला ऐकवत होतो. 21 जुलै 2022 रोजी संध्याकाळी निकाल लागला. मुर्मू यांना सुमारे 64 टक्के मूल्याची मते मिळाली. वसतिगृहाच्या खोलीत मी ऐटीत म्हणालो, “चला, नवा रबरी शिक्का आला!”

माझा खोलीमित्र नंदुरबार जिल्ह्यातला, धडगावकडचा. घरी पावरी बोलणारा, इथे आमच्या पुणेरी-सातारी मराठीत जपून बोलणारा. तो पुस्तकातून मान वर न करता म्हणाला, “शिक्का काय असतो तुला माहीत आहे का रे?”

मी म्हटले, “म्हणजे?”

“माझ्या आजीचा वनहक्काचा दावा आहे. जमीन ती कसते, बापजाद्यांपासून कसते. कागदावर तिचा अंगठा आहे, ग्रामसभेचा ठराव आहे. वरची एक सही आणि एक शिक्का नाही. मी सातवीत होतो तेव्हापासून नाही. तुला शिक्क्याचं हसू येतं, कारण तुझं काम कधी शिक्क्यावाचून अडलेलं नाही.”

मी घाईघाईने म्हणालो, “पण मुर्मू आल्या म्हणून तुझ्या आजीला पट्टा मिळणार आहे का?”

“नाही मिळणार. तेवढं मलाही कळतं. उमेदवारी जाहीर झाल्यावर त्यांच्या गावाकडच्या पाड्यात विजेचे खांब गेले, ते पेपरात आलं. आमच्या पाड्यातून कोण उभं राहणार आहे? पण कागद वाचणारं माणूस तिथं बसलं की नाही, ते बघायचं. त्या राज्यपाल होत्या तेव्हा झारखंडात जमिनीच्या कायद्याची दुरुस्ती त्यांनी परत पाठवली होती. हे तुझ्या पाठांतरात नाही वाटतं?”

ते माझ्या पाठांतरात नव्हते. मी शोधून पाहिले, तर खरे निघाले. 2017 साली छोटा नागपूर आणि संथाळ परगणा येथील कुळकायद्यांच्या दुरुस्तीची विधेयके राज्यपाल मुर्मू यांनी सरकारकडे परत पाठवली होती. आणि ते सरकार त्यांच्याच पक्षाचे होते.

त्यानंतर मी राष्ट्रपतींकडे ‘कोण निवडून आले’ या दृष्टीने पाहण्याऐवजी ‘सही कशी केली’ या दृष्टीने पाहू लागलो. 25 जून 1975 च्या रात्री फक्रुद्दीन अली अहमद यांनी आणीबाणीच्या घोषणेवर सही केली, तेव्हा मंत्रिमंडळालाही त्याचा पत्ता नव्हता. त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला सांगण्यात आले. अबू अब्राहम यांचे व्यंगचित्र प्रसिद्धच आहे: राष्ट्रपती न्हाणीघरातल्या टबात बसले आहेत आणि सही केलेला कागद दाराच्या फटीतून बाहेर देत आहेत. उलट 1986 साली झैलसिंग यांनी लोकांची पत्रे उघडण्याचा अधिकार देणारे टपाल विधेयक नुसते ठेवून दिले. त्याचा कायदा झालाच नाही. 1997 मध्ये के. आर. नारायणन यांनी उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावण्याची शिफारस फेरविचारासाठी परत पाठवली आणि मंत्रिमंडळाने ती सोडून दिली. 2006 साली अब्दुल कलाम यांनी लाभाच्या पदांविषयीचे विधेयक परत पाठवले. संसदेने ते पुन्हा संमत केले आणि मग त्यांनी सही केली. घटनेने राष्ट्रपतींना दिलेला अधिकार एवढाच आहे. 44 व्या घटनादुरुस्तीनंतर मंत्रिमंडळाचा सल्ला एकदा परत पाठवता येतो. दुसऱ्यांदा आला की मानावा लागतो.

आणि महाराष्ट्राला तर सहीची किंमत सांगायलाच नको. 23 नोव्हेंबर 2019 रोजी पहाटे 5 वाजून 47 मिनिटांनी आपल्या राज्यातली राष्ट्रपती राजवट उठली आणि आठच्या सुमारास शपथविधी उरकलाही. आमच्या वसतिगृहात त्या वेळी नळाला पाणीसुद्धा आलेले नसते. देशाचा कारभार इतक्या पहाटे सुरू होतो याचा अभिमान वाटावा, की तो कागद कोणी किती वेळ वाचला असेल याची चिंता वाटावी, हे मला अजून ठरवता आलेले नाही. आपल्या जळगावच्या मूळजी जेठा महाविद्यालयात शिकलेल्या प्रतिभाताई पाटील 2007 साली पहिल्या महिला राष्ट्रपती झाल्या, तेव्हा मराठी माणूस म्हणून आपण पेढे वाटले आणि शिवसेनेने आघाडी बाजूला ठेवून त्यांना मते दिली. पेढे वाटण्यात गैर काही नाही. पण पेढे संपल्यावर पाच वर्षांत कोणकोणते कागद त्या टेबलावरून गेले, हे आपल्यापैकी कोणी पाहिले?

इथवर लेख बरा चालला आहे आणि इथेच थांबलो तर माझी अब्रूही शाबूत राहील. पण खरी गोष्ट पुढेच आहे.

बारावीच्या गुणांवर मला त्या वर्षी वर्गप्रतिनिधी नेमले गेले. म्हणजे माझी निवड राष्ट्रपतींपेक्षाही अप्रत्यक्ष, मतदारच नाहीत! दिवाळीनंतर एके दिवशी तास चालू असताना शिपाईमामा एक कागद घेऊन दाराशी आले. “सगळ्यांच्या झाल्या, तुझीच राहिली,” म्हणाले. खाली आठ-दहा सह्या होत्याच. मी उभ्या उभ्या, बाकावर कागद ठेवून, झोकदार सही ठोकली. चार दिवसांनी फलकावर सूचना लागली: वर्गप्रतिनिधींच्या संमतीने अभ्यासिका यापुढे रात्री आठऐवजी सायंकाळी पाचला बंद होईल. खाली आमची नावे.

माझा खोलीमित्र दुपारी एका खानावळीत काम करत असे आणि पाच ते आठ अभ्यासिकेत बसत असे. खोलीत आम्ही चौघे. तिथे अभ्यास कसा होतो ते वसतिगृहात राहिलेल्यांना सांगायला नको. तो फलकापुढे उभा राहून सगळी सूचना वाचत होता. मी मागे उभा होतो. तो वळला आणि म्हणाला, “तुझं नाव आहे.” बस्स, एवढेच. रबरी शिक्का हा शब्द त्याने उच्चारला नाही. उच्चारला असता तर बरे झाले असते.

त्या रात्री मला झोप आली नाही. फक्रुद्दीन अली अहमदांची मी किती टिंगल केली होती! त्यांच्यासमोर निदान पंतप्रधान होत्या. माझ्यासमोर फक्त शिपाईमामा होते. आणि मामांनी काही दडपण आणले नव्हते. कागद चार ओळींचा होता. मला तो वाचता येत होता.

दुसऱ्या दिवशी मी फेरविचाराचा अर्ज लिहिला. त्यावर सह्या मिळवताना प्रत्येकाला आधी तो वाचायला लावला. काहींनी कंटाळून नकार दिला. दीड महिन्याने अभ्यासिका सातपर्यंत उघडी राहू लागली. आठपर्यंत नाही, तो एक तास माझ्या सहीने गेला तो गेलाच. आमच्या प्राध्यापकांनी अर्ज शांतपणे ऐकून घेतला याबद्दल त्यांचे आभार. पण गेलेल्या तासाचा हिशेब माझ्याकडेच राहतो.

माझे म्हणणे इतकेच आहे. राष्ट्रपतींना रबरी शिक्का म्हणून हसणे फार सोपे आहे आणि त्या हसण्याने आपली एक सोय होते. जणू वाचण्याची जबाबदारी फक्त राष्ट्रपती भवनात राहणाऱ्यांची! सोसायटीच्या सभेत, ग्रामसभेच्या वहीवर, हजेरीपटावर आपण रोज न वाचता सह्या करतो. उद्या यांतलाच कोणी मोठ्या टेबलावर जाऊन बसला, तर त्याचा हात तिथे अचानक कसा थांबेल?

2027 च्या जुलैमध्ये पुन्हा ही निवडणूक येईल. पुन्हा मतपेट्या विमानाने जातील, पुन्हा कोणाची जात, कोणाचा प्रांत यांचे हिशेब होतील. आता मी एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. तोवर इथून बाहेर पडलेला असेन. खोलीमित्र बी.ए. होऊन गावी गेला आहे आणि इतरांचे दावे लिहून देतो. त्याच्या आजीचा कागद अजून सहीवाचूनच आहे. उमेदवार कोणीही असो, मी त्याला फोन करून विचारणार आहे की या माणसाने आजवर कोणता कागद परत पाठवला आहे. त्याला ठाऊक असेल.

असो. हा लेख देताना संपादकांनी एक छापील फॉर्मही भरून मागितला: ‘सदर लेखन माझे स्वतःचे आहे’ वगैरे. तो मी दोनदा वाचला, एक शंका विचारली आणि मगच सही केली. संपादक घड्याळाकडे पाहत होते, पण त्याला माझा इलाज नव्हता.